पान उलटून पाहा गं

छोटे,

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा तव्यावर भाकर होती, म्हणून नीट बोलणं झालं नाही. पण तुझे शब्द रात्रभर मनात घोळत राहिले. "ताई, पऱ्हाटीवर मुंग्याच मुंग्या झाल्या वं. पानापानावर फिरून राह्यल्या. मामाजी म्हनतात, कृषी केंद्रातून पावडर आनतो." मग आवाज खाली घेऊन म्हणालीस, "मले वाटते थोडं थांबावं, पन माझं इथं कोन आयकते?"

आज रविवार. घरातले सगळे अजून झोपले आहेत आणि मी चहाचा कप घेऊन निवांत बसले आहे. दोन्ही गोष्टींवर बोलू या. आधी मुंग्यांवर, मग ऐकण्यावर.

पहिलं सांगणं एवढंच, की मामाजींकडून एक सकाळ मागून घे. पावडर पळून जात नाही. झड उघडलेली असेल आणि दव उतरलं असेल, अशा वेळी आठच्या सुमारास एकटीच वावरात जा. एका झाडाजवळ बस. शेंड्यापासून तिसरं-चौथं पान हळूच उलट कर, तोडू नकोस. मधली जाड शीर दिसेल. देठाकडून त्या शिरेवर बोट फिरवत थोडं पुढं गेलीस की एक बारीकशी खाच लागेल. तिळाच्या दाण्याएवढी, एका टोकाला निमुळती. नीट पाहिलंस तर तिच्यात चकाकणारा थेंब दिसेल. तो दवाचा नाही. तो पऱ्हाटीनं स्वतः पाझरलेला गोड रस आहे.

तिथंच थोडा वेळ थांब. मुंगी येईल. पुढचे पाय शिरेवर रोवून, मिशा वाकवून ती खाचेत तोंड घालेल आणि बराच वेळ हलणार नाही. पिऊन पिऊन तिचं पोट ताणलं जातं. परतताना दुसरी मुंगी भेटली की दोघी मिशांनी एकमेकींना चाचपतात, तोंडाला तोंड लावतात आणि पोटातला रस एक दुसरीला पाजते. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा निंदण टाकून कितीतरी वेळ बसून राहिले होते.

आता पात्याकडे बघ. पात्याभोवती दातेरी झालरीसारखी तीन पानं असतात ना, त्यांच्या बुडाशीही अशाच खाचा असतात. पातं धरल्यापासून बोंड भरेपर्यंत तिथं रस येत राहतो. फुलाच्या आतला मध वेगळा. तो भुंग्यांसाठी, मधमाश्यांसाठी, परागीभवनासाठी. पण पानाच्या पाठीवर ना पराग, ना पाकळी. मग तिथं गोड ठेवायचं ते कुणासाठी?

तुला आपली आजी आठवते? पेरणी आटोपली की पदरात कणीक आणि साखर बांधून ती धुऱ्यावर जायची आणि मुंग्यांच्या वारुळाशी चिमूट चिमूट सोडायची. आपण विचारायचो, कशाला गं? ती म्हणायची, त्याईचंही पोट हाये. आपल्याला तो नुसता पुण्याचा भाग वाटायचा. पुढं कापसाच्या पानाची ही खाच कळली तेव्हा माझ्या मनात आधी आजी आली. पऱ्हाटी रोज सकाळी तेच करते. स्वतः उन्हात बसून केलेल्या साखरेतला चिमूटभर वाटा ती मुंगीच्या वाटेवर ठेवते.

आणि मुंगी फुकट खात नाही, छोटे. मोठ्या मुंगीला घन अन्न गिळता येत नाही. तिची कंबर इतकी बारीक असते की पातळ रसावरच तिचं चालतं. दिवसभर धावायचं तर साखर हवी. पण वारुळात पिल्लं असतात आणि पिल्लांना वाढायला प्रथिनं लागतात. ती मिळतात अळ्यांत, अंड्यांत, मऊ किड्यांत. म्हणून रस प्यायला झाडावर चढलेली मुंगी पानं-पाती धुंडाळत फिरते. बोंडअळीचं अंडं सापडलं तर उचलते. नुकती निघालेली, केसाएवढी अळी दिसली तर ओढून नेते. मोठ्या अळीलाही इतकी छळते की ती पानावरून खाली पडते. तिला स्वतःला साखर, लेकरांना अळी. झाडाला पाय नाहीत, हात नाहीत. राखण करायला त्यानं गडी ठेवले आणि मजुरी पानाच्या पाठीवर मांडली.

ही मजुरीही आंधळी नाही. अळीनं पान कुरतडलं की कपाशी जास्त रस सोडते, असं प्रयोगांत दिसलं आहे. जिथं धोका, तिथं जेवण जास्त, म्हणून राखणदारही तिथंच जास्त.

तू म्हणशील, ताई, हा योगायोगही असेल. मलाही वाटायचं. पण दोन गोष्टी ऐक.

एक हवाईची. भर समुद्रातल्या त्या बेटांवर माणसानं आणण्याआधी मुंग्या नव्हत्याच. तिथं कापसाची एक रानटी जात आपोआप वाढते, आणि तिच्या पानामागं खाच नाही, पात्याखालीही नाही. आपल्या कपाशीच्या सख्ख्या भावकीतली ती, पण राखणदारच नसतील तर मजुरी कुणाला द्यायची? पिढ्यान् पिढ्या गेल्या आणि तिनं तो खर्च सोडून दिला. पुढं १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्या जातीचा संकर करून बिनरसाचा कापूस तयार केला. त्यामागंही विचार होता. हा रस मुंग्यांसारखाच बोंडअळीचे पतंगही पितात, रस शोषणारे ढेकूणही पितात. रस नसला तर ते कमी येतील. ते कमी आलेही, पण मुंग्या आणि इतर मित्रकिडेही कमी आले. एकाचा घास काढला की दुसऱ्याचाही जातो.

दुसरी गोष्ट बाभळीची. आपल्या धुऱ्यावरच्या बाभळीच्या पानाचा देठ पाहा, त्यावर गाठीसारखी बारीक ग्रंथी असते. तीही मुंग्यांना रस देते. हिची मध्य अमेरिकेतली भावंडं याच्या कितीतरी पुढं गेली आहेत. त्यांचे काटे जाड आणि पोकळ, मुंग्या त्यांतच घर करतात. देठावर रस आणि पानांच्या टोकांना मुंग्यांच्या पिल्लांसाठी खाऊचे गोळे. थॉमस बेल्ट नावाच्या इंग्रज अभियंत्यानं निकाराग्वात हे पाहिलं आणि १८७४ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं, की या मुंग्या म्हणजे झाडाचं सैन्य आहे. पुष्कळांना ते पटलं नाही. मग डॅनियल जॅन्झेन या अमेरिकी संशोधकानं मेक्सिकोत काही झाडांवरच्या मुंग्या काढून टाकल्या आणि नुसतं पाहत राहिला. त्या झाडांचे शेंडे किड्यांनी खाल्ले, आजूबाजूच्या वेलींनी त्यांना झाकून टाकलं. मुंग्या असलेली शेजारची झाडं मात्र वाढत राहिली. त्याचा हा अभ्यास १९६६ साली प्रसिद्ध झाला.

पण छोटे, मुंगीला देव करून बसू नकोस. इथंच फसायला होतं, म्हणून हे नीट ऐक.

मुंगीला गोडाशी काम. पानामागं मावा किंवा पिठ्या ढेकूण असेल तर त्यांच्या अंगातून निघणारा चिकट गोड पाझरही ती पिते. त्या बदल्यात ती त्यांची राखण करते, ढालकिडा मावा खायला आला तर त्याला हुसकावून लावते. म्हणजे इथली राखण आपल्या शत्रूची झाली. २००७ च्या सुमारास पिठ्या ढेकूण देशभरातल्या कपाशीवर पसरला होता. पांढरा कापूस चिकटवल्यासारखे शेंडे आणि त्यावर मुंग्यांची रांग, हे चित्र त्या काळात शेती करणाऱ्यांना अजून आठवतं.

म्हणून नुसत्या मुंग्या पाहून काही ठरवायचं नाही. मुंगी कुठं थांबते ते पाहायचं. शिरेवरच्या खाचेशी, पात्याच्या बुडाशी एकेकटी थांबून पुढं जात असेल तर ती तुझी राखणदार. एकाच शेंड्याशी गर्दी, खाली चिकट चकाकी, पानं गोळा झालेली, पांढरं पीठ किंवा हिरवट-काळपट माव्याचा थर, असं असेल तर दुखणं माव्याचं नाहीतर ढेकणाचं आहे. तेव्हाही मुंगीवर पावडर टाकून माव्याचं काही बिघडत नाही. तो शेंडा खुडून पिशवीत घालून नष्ट कर, बाकीच्या झाडांवर पाच टक्के निंबोळी अर्क मार. पाच किलो निंबोळ्या कुटून शंभर लिटर पाण्यात, हे तुला घरचंच आहे.

अजून एक खरं सांगते. गुलाबी बोंडअळीपुढं मुंगीचं फारसं चालत नाही. ती अळी अंड्यातून निघाली की लगेच पात्यात नाहीतर बोंडात शिरते, आणि एकदा आत गेली की मुंगी तिथं पोचत नाही. २००२ साली बीटी आलं तेव्हा वाटलं, बोंडअळी संपली. पण गुलाबी अळी बीटीलाही पचवून परत आली, हे आपण आपल्या वावरात भोगलं आहे. तिच्यासाठी कामगंध सापळे लावायचे, हेक्टरी पाच. एका सापळ्यात रोज आठ पतंग असे सलग तीन दिवस आले, किंवा वीस हिरवी बोंडं फोडून दोनात अळी निघाली, तर समजायचं की नुकसानीची पातळी गाठली. पाकळ्या मिटून गुलाबकळीसारखं झालेलं फूल, म्हणजे डोमकळी दिसली की तिथंच तोडून टाकायची. आणि ट्रायकोकार्ड लावणार असाल तर हेही ध्यानात ठेव, की त्यातून निघणारी डोळ्याला जेमतेम दिसणारी गांधीलमाशी बोंडअळीच्या अंड्यांत आपली अंडी घालते, आणि अशा माश्यांचं पोटही गोड रसावरच भरतं. पानामागचा तो थेंब एकट्या मुंगीचा नाही. सगळ्या मित्रकिड्यांची ती पाणपोई आहे.

आता विचार कर, त्या पाणपोईत आपण काय मिसळतो. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून सगळीकडं जातं, तसं ते या थेंबातही उतरतं. असं औषध दिलेल्या कपाशीचा पानामागचा रस प्यायलेल्या परोपजीवी माश्यांचं आयुष्य घटलं आणि त्यांना अळी शोधणंही जमेना, असा अमेरिकेतला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यामुळं रस गोड आहे ना, चाखून पाहू, असं मनात आणू नकोस हो. लेकरांनाही चाखू देऊ नकोस.

आणि माणसांचं तर काय सांगू. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन किती शेतकरी, किती शेतमजूर गेले, ते आपण रोज पेपरात वाचत होतो. तेव्हापासून माझा नेम आहे. प्रत्येक न मारलेला फवारा ही घरातल्या माणसाची एक सुखरूप संध्याकाळ. मारावाच लागला तर तोंड, हात, पाय झाकूनच.

हे सगळं मी पोथी वाचल्यासारखं सांगत नाही. बाबांचे गुडघे धरले त्या वर्षी माहेरचं वावर मी पाहत होते, आठवतं? निंदायला आलेल्या बाया म्हणाल्या, लाल मुंग्या चावून राह्यल्या, काम होत नाही. त्यांचं खोटं नव्हतं, पायावर गांधी उठल्या होत्या. मी दुकानात गेले, दुकानदारानं दिली ती पावडर आणली आणि धुऱ्यापासून ओळीओळीनं धुरळली. दोन दिवसांत मुंगी औषधालाही उरली नाही. पंधरा-वीस दिवसांनी पात्यांना भोकं दिसू लागली, हिरव्या अळ्या दिसू लागल्या, मग एकामागून एक फवारे. मुंग्या गेल्या म्हणूनच अळी आली, असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. त्या साली हवाही ढगाळ होती. पण पान उलटून न पाहता मी राखणदार मारले, ही खंत आजही आहे. त्या बायांना पायमोजे आणि जुन्या शर्टाच्या बाह्या दिल्या असत्या तरी भागलं असतं.

आता तुझी दुसरी गोष्ट. "माझं इथं कोन आयकते?"

लग्नाला अजून वर्ष झालं नाही, बाई. मामाजींनी त्या खारपाणपट्ट्यात, जिथं विहिरीचं पाणी पिकाला देता येत नाही, पावसाच्या भरवशावर चाळीस वर्षं पऱ्हाटी काढली आहे. त्यांच्यापुढं उभी राहून "तुमचं चुकतं" म्हणालीस तर तुझं खरं असूनही खोटं ठरेल. वाद घालू नकोस. त्यांना वावरात ने. म्हण, "मामाजी, मले एक गोष्ट समजून नाही राह्यली, तुमी सांगा." आणि पान उलटून त्यांच्या हातात दे. त्यांचे डोळे जुने आहेत, ते तुझ्यापेक्षा लवकर ओळखतील. कदाचित म्हणतील, हे तर मी लहानपनापासून पाहतो, ध्यानात नाही घेतलं. तेव्हा ती गोष्ट त्यांची होऊ दे. तुझी राहिली पाहिजे असा हट्ट धरू नकोस.

मग पऱ्हाटीचे चार तास माग. सगळं वावर मागू नकोस. "या चार तासांत पावडर नको, बाकी तुमी म्हनाल तसं." त्या चार तासांना चिंधी बांधून खूण कर. दर आठवड्याला त्यातली दहा झाडं आणि बाजूच्या तासांतली दहा झाडं पाहा. किती पात्यांना भोकं, किती अळ्या, किती ढालकिडे, वहीत मांड. लेखी आकडा सुनेच्या तोंडून आला तरी घरात चालतो, हे मी माझ्या घरी शिकले. आणि आकडा तुझ्या विरुद्ध गेला तर तोही तसाच मांड. लपवलास तर पुढं खरा आकडाही कुणी मानणार नाही.

पुढच्या सालासाठी आणखी थोडं. कपाशीच्या कडेनं बरबटीचे दोन तास टाका. तिच्या फुलांच्या दांड्यावर असाच रस येतो आणि मुंग्या, ढालकिडे तिथं आधीच मुक्कामाला येतात. धुऱ्यावर चार एरंड्या असू द्या, त्यांच्या देठावरच्या ग्रंथीही गोड. तिळाच्या देठाशी पिवळ्या गाठी असतात, त्यांचंही तेच. आपले जुने लोक पऱ्हाटीत तूर, बरबटी, तीळ, अंबाडी असं मिसळून पेरायचे, ते घरच्या डाळ-तेलाच्या सोयीसाठी. पण त्या सोयीत राखणदारांचीही सोय होत होती. मामाजी तयार असतील तर इथल्या कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीला त्यांना घेऊन ये. माझ्याकडं उतरा, मी सोबत येईन. विचारायचं ते त्यांनाच विचारू दे.

आणि एक अगदी आपल्या दोघींतलं. तू म्हणालीस, मी एवढं करते तर कुणाच्या ध्यानात येत नाही. छोटे, पऱ्हाटीचा तो थेंबही पानाच्या पाठीला असतो. वरून पाहणाऱ्याला हिरवं पान दिसतं. ज्याला त्याची गरज आहे तो मात्र बरोबर तिथं पोचतो. पण हेही विसरू नकोस, की झाड सगळीच साखर वाटून टाकत नाही. मुळाला, बोंडाला, सरकीला आधी ठेवतं आणि त्यातून चिमूट देतं. तूही स्वतःला उपाशी ठेवून कुणाची मनं राखू नकोस. वेळेवर जेव, दुपारी घटकाभर पाठ टेक, तुझी पुस्तकं पेटीतून बाहेर काढ. आणि कुठं कुरतडल्यासारखं झालं, मन दुखलं, तर गप्प बसू नकोस. झाडही कुरतडलेल्या जागी रस वाढवून मदत बोलावतं. तू मला बोलाव. भाकर तव्यावर असली तरी मी गॅस बंद करून बोलेन.

भुलाबाईला येशील तेव्हा आपण दोघी माहेरच्या धुऱ्यावर जाऊ. आजीसारखी कणीक-साखर मी बांधून आणीन.

तोवर उद्या सकाळी वावरात जा. आणि फोन करशील तेव्हा नुसतं "मुंग्या झाल्या" असं सांगू नकोस. कुठं बसल्या आहेत, ते पाहून सांग.

तुझी,
ताई